दातांवरील व्हिनिअर : शोभा आणि विवेक

(व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यविषयक व्याख्यान म्हटले की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे विषय ठरलेलेच असतात. त्या मानाने आजचा विषय धाकटा वाटेल. दातांच्या दर्शनी भागावर चिकटविण्याचे जे पातळ कवच असते, ज्याला दंतवैद्य व्हिनिअर म्हणतात, ते करून घ्यावे की न घ्यावे, एवढाच हा विषय. तथापि ज्या घरांत विवाहयोग्य मुले-मुली आहेत, तेथे हा प्रश्न आता वारंवार निघतो. परिचय संमेलनाच्या पुस्तिकेसाठी छायाचित्र द्यावयाचे असते, साखरपुड्याची तारीख निघालेली असते, आणि समोरचे दोन दात जरा पिवळे, जरा पुढे-मागे, किंवा त्यांच्यात बारीकशी फट असते. मग कोणीतरी हितचिंतक सुचवितात, "सहा दातांना व्हिनिअर लावून घ्या, पंधरा दिवसांत काम होते." काम बहुधा पंधरा-वीस दिवसांत होतेही. परंतु ते पुढे पन्नास वर्षे निभवावयाचे असते, याचा उच्चार त्या बैठकीत सहसा होत नाही.

व्हिनिअर हा शब्द लाकूडकामामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. साध्या प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटविला की कपाट सागवानी दिसू लागते. दाताचे व्हिनिअर त्याच जातीचे. पोर्सिलेन अथवा तत्सम सिरॅमिकचे, किंवा कॉम्पोझिट नावाच्या दातासारख्या रंगाच्या मिश्रणाचे, साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे हे कवच दाताच्या समोरच्या बाजूस कायमचे चिकटविले जाते. नाशिकच्या भांडी बाजाराशी जुना संबंध असलेल्या मंडळींना कदाचित कल्हईचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. पितळेच्या पातेल्याला कल्हई केली, ती काही महिन्यांनी उडाली, पुन्हा केली. पातेले होते तसेच राहिले. दातांचेही असेच असते, असा पुष्कळांचा समज असतो आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. कल्हईवाला पातेले घासून स्वच्छ करतो, कोरीत नाही. व्हिनिअर बसविण्यापूर्वी मात्र दंतवैद्याला बहुतेक वेळा दाताचा दर्शनी थर यंत्राने घासून थोडा कमी करावा लागतो. तसे न केल्यास वरून चढलेल्या कवचामुळे दात जाड दिसतो आणि हिरडीपाशी कंगोरा राहून तेथे अन्नकण साचतात. न घासता बसविण्याची कवचेही आहेत. दात मुळात लहान असतील, त्यांच्यात फट असेल किंवा ते आत कललेले असतील, तर ती शोभतात. सर्वांना ती चालत नाहीत.

जो थर घासला जातो तो कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. दाताच्या बाहेरच्या आवरणाला मराठीत दंतवल्क आणि बोलण्यात एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील तो सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. समोरच्या दातांच्या दर्शनी बाजूस त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास, आणि हिरडीजवळ त्याहूनही पुष्कळ कमी. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्क मात्र पुन्हा तयार होत नाही, कारण ज्या पेशी ते घडवितात त्या दात हिरडीबाहेर येईतो आपले काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. कापडाच्या दुकानात ठाणाला कात्री लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दोनदा विचारण्याची रीत आहे. मीटर किती, रंग हाच ना, पन्हा पाहिला ना, असे सगळे झाल्यावरच कात्री चालते. कारण कापलेल्याला जोड देता येतो, रफू करता येते, परंतु ते ठाण पुन्हा अखंड होत नाही. दोनशे-तीनशे रुपयांच्या कापडाला जी सावधगिरी, तीच स्वतःच्या दाताच्या बाबतीत गळून पडावी, हे नवल म्हटले पाहिजे.

या उपचाराचा जन्मच मुळी छायाचित्रासाठी झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य चित्रपट कलाकारांसाठी दातांवर तात्पुरती बसणारी कवचे बनवीत असत. शर्ली टेंपल ही त्या काळची सुप्रसिद्ध बालकलाकार. तिचे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा पडद्यावर तिचे हसू अखंड दिसावे म्हणून पिंकस यांनीच तिच्यासाठी अशी कवचे केली होती. कवळी चिकटविण्याच्या पुडीने ती तेवढ्यापुरती बसविली जात आणि चित्रीकरण आटोपले की काढून ठेवली जात. त्याखालचा दात जसाच्या तसा राही. कायमचे चिकटविण्याची युक्ती त्या काळी कोणाला ठाऊकच नव्हती. ती वाट 1955 साली मायकेल ब्यूनोकोर यांनी दाखविली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाला आणि त्यावर चिकटविलेला पदार्थ घट्ट धरून राहिला. पुढे 1983 मध्ये सायमनसन आणि कालामिया यांनी पोर्सिलेनच्या आतल्या बाजूवरही आम्लाची अशीच प्रक्रिया करून ते दाताला पक्के बसते, हे दाखविले. आजचे व्हिनिअर त्या शोधाचे अपत्य होय. संध्याकाळी काढून ठेवण्याची वस्तू अशा रीतीने जन्माची सोबतीण झाली.

यात आणखी एक बारकावा आहे. हे चिकटणे दंतवल्कावर सर्वांत भक्कम असते. घासता घासता दंतवल्क संपून आतला दंतिन, म्हणजे डेंटिनचा थर उघडा पडला, तर पकड तुलनेने कच्ची राहते आणि दात थंड-गरम पदार्थांना शिवशिवतो. म्हणजे कुशल दंतवैद्य जितके कमी घासेल तितके कवच अधिक काळ टिकण्याचा संभव. बाजारात सहसा जास्त कामाला जास्त दाम असतो. येथे कौशल्य कमी काम करण्यात आहे.

आता प्रश्न येतो पांढरेपणाचा. दात शुभ्र असावेत ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती सनातन आहे असेच कोणी म्हणेल. वस्तुतः महाराष्ट्रातच एके काळी सुवासिनी स्त्रिया दातवण लावून दात काळे करीत असत. हिरडा, हिराकस असे पदार्थ त्यात असत. कापड रंगविणाऱ्यांना हे मिश्रण अपरिचित नाही. हिरड्यातील तुरटपणा आणि हिराकशीतील लोह एकत्र आले की पक्का काळा रंग येतो. त्या काळी काळे दात हे सौभाग्याचे लक्षण होते. जपानमध्येही ओहागुरो या नावाने हीच प्रथा शतकानुशतके चालली. 1873 साली तेथील सम्राज्ञी पांढऱ्या दातांनिशी लोकांसमोर आली, तेव्हा उच्चकुलीन स्त्रियांनी ती सोडण्यास सुरुवात केली. दुसऱ्या टोकास दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत अदंतधावन आहे, म्हणजे दात घासण्याचाही त्याग. गृहस्थाला तो मार्ग सांगितलेला नाही. सांगण्याचा हेतू इतकाच, की पणजीने काळे केलेले दात आणि पणतीने पांढरे करून घेतलेले दात, दोन्ही आपापल्या काळाच्या पसंतीचे आहेत, आणि पसंती बदलते हे कापडाच्या व्यापाऱ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? गेल्या दिवाळीचा रंग या दिवाळीला गठ्ठ्यात बांधून ठेवावा लागतो. दाताचा गठ्ठा बांधता येत नाही.

मुळात निरोगी दात कागदासारखा पांढरा नसतोच. दंतवल्क अर्धपारदर्शक असते आणि त्याखालील पिवळसर दंतिनाचा रंग त्यातून झिरपून दिसतो. वय वाढते तसे वरचे आवरण झिजते, आतला थर गडद होतो, म्हणून पन्नाशीतले दात विशीतल्या दातांपेक्षा पिवळे दिसतात. हा रोग नव्हे. दंतवैद्यांकडे रंग ठरविण्यासाठी जी पट्टी असते ती पाहण्यासारखी आहे. सूटिंगच्या कंपन्या शेड कार्ड पाठवितात, तशीच ती असते. सर्वांत प्रचलित पट्टीत 16 छटा असून ए, बी, सी, डी असे त्यांचे चार गट आहेत. तांबूस, पिवळसर, राखाडी अशा झाकांप्रमाणे ते पाडलेले आहेत. यांखेरीज हल्ली ब्लीच या नावाच्या अतिशुभ्र छटाही निघाल्या आहेत, ज्या निसर्गतः क्वचितच कोणाच्या तोंडात आढळतात. येवल्याची पैठणी घ्यावयास आलेल्या जाणत्या बायका दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत करीत नाहीत. साडी घेऊन दारापाशी उजेडात जातात. दाताच्या छटेचेही तसेच आहे. दिव्याखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते, म्हणून ती दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशात पाहावी. शिवाय ती कामाला आरंभ करण्यापूर्वी ठरवावी, कारण तोंड बराच वेळ उघडे राहून दात कोरडे पडले की ते असतात त्याहून पांढरे दिसतात आणि निवड चुकते. ओठांना भडक लाली लावलेली नसावी, कपडे फार गडद रंगाचे नसावेत, हेही जाणकार सांगतात. डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा दात अधिक पांढरे असू नयेत, असा एक ढोबळ नियम दंतवैद्यांत रूढ आहे. त्याच्या पलीकडे गेले की माणूस बोलू लागताच समोरच्याची नजर दातांवरच खिळते, शब्दांकडे राहत नाही.

येथवर ऐकून कोणास वाटेल की व्हिनिअर म्हणजे केवळ श्रीमंती चोचले. तसे मुळीच नाही. काही दातांसाठी हा उपचार वरदान आहे, आणि त्यांचा विचार करताना आपल्या समाजाचा मूळ प्रदेशही आठवावा लागतो.

नाशिकच्या अनेक जैन कुटुंबांचे मूळ गाव राजस्थानात, मारवाडात आहे. राजस्थान हे ज्या राज्यांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण ठिकठिकाणी फार आहे अशांपैकी एक असून नागौर जिल्ह्याचे नाव त्यात नेहमी येते. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, बीड या जिल्ह्यांतील कित्येक गावे या दोषाने ग्रस्त आहेत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जबड्यात दात घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारणतः आठ वर्षांपर्यंत, याहून अधिक फ्लोराइड पोटात जात राहिले तर दंतवल्क सदोष बनते. दात बाहेर येतात तेच खडूसारखे पांढरे डाग घेऊन. पुढे ते डाग पिवळे, तपकिरी होतात, आणि दोष तीव्र असेल तर पृष्ठभागाला खड्डे पडतात. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे 1901 साली गेलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांना तेथील रहिवाशांचे असे डागाळलेले दात दिसले, परंतु त्यामागे पाण्यातील फ्लोराइड आहे हे निश्चित होण्यास 1931 साल उजाडावे लागले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची पद्धत विकसित केली, ती नलगोंडा पद्धत या नावाने ओळखली जाते.

हे सर्व विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की या डागांचा तंबाखूशी, मिश्रीशी किंवा अस्वच्छतेशी काडीचाही संबंध नाही. तरीही मुलगी पाहावयास गेलेली मंडळी परत येताना रिक्षातच निष्कर्ष काढून मोकळी होतात : "मिश्री लावीत असेल," किंवा "दात घासण्याचा कंटाळा दिसतो." तिने बालपणी गावच्या विहिरीचे अथवा बोअरचे पाणी प्यायले, एवढाच तिचा अपराध. ती बिचारी मग हसताना ओठ मिटून घेते, बोलताना पदर किंवा रुमाल तोंडाशी नेते, आणि शाळेपासून लागलेली ही सवय लग्नाच्या छायाचित्रांतही दिसते. अशा मुलीने वा मुलाने व्हिनिअर करून घेतले तर त्यास नटणे म्हणू नये. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या औषधामुळे दातांत मुरलेला करडा रंग, खेळताना आपटून तुटलेला कोपरा, जन्मतः सदोष बनलेले दंतवल्क, ही उदाहरणेही याच वर्गातील. सरकारी करव्यवस्थेतही अशा भेदाची दखल आहे. 2017 साली लागू झालेल्या वस्तू व सेवा करात आरोग्यसेवा करमुक्त ठेवताना सौंदर्यशस्त्रक्रिया त्यातून वगळल्या, आणि त्या वगळण्यातूनही जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा दुरुस्त करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया पुन्हा बाजूला काढल्या. मसुदा किचकट आहे, पण त्यामागचा विचार सरळ आहे. आरोग्यविम्याचे म्हणाल तर केवळ शोभेसाठी केलेला खर्च सामान्यतः मिळत नाही. तो खिशातूनच धरावा.

फ्लोराइडचे डाग सौम्य असतील तर मात्र त्यांच्यासाठीही व्हिनिअर ही पहिली पायरी नव्हे. वरचा अगदी सूक्ष्म थर घासून डाग फिकट करता येतात, ब्लीचिंग करता येते. आणि हाच क्रम सर्वांनाच लागू आहे. चहाचे, तंबाखूचे, काही औषधी गुळण्यांचे डाग बाहेरचे असतात. ते साध्या सफाईने निघतात. दात निरोगी पण पिवळसर असतील तर ब्लीचिंग पाहावे. घरी साच्यात औषध घालून ते दातांवर बसविण्याची पद्धत हेवूड आणि हायमन यांनी 1989 साली प्रसिद्ध केली. तीत 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. काही दिवस दात शिवशिवतात, मग ते थांबते, आणि दात कोठेही कापला जात नाही. हा साचा बहुधा रात्री लावावयास सांगतात. ज्यांचा चौविहाराचा नियम आहे त्यांनी दंतवैद्यास तसे स्पष्ट सांगावे. दिवसा काही तास लावूनही हे काम होते. एक मात्र ध्यानात ठेवावे, की ब्लीचिंगने नैसर्गिक दातच उजळतो. कवच, कॅप किंवा भरलेले सिमेंट यांचा रंग बदलत नाही. म्हणून दोन्ही करावयाचे असेल तर आधी ब्लीचिंग, मग दोनेक आठवडे थांबून छटा स्थिर झाल्यावर कवच.

दात वाकडे असतील तर तारा किंवा पारदर्शक साचे लावून ते सरळ करावेत. यास एक ते दोन वर्षे लागतात आणि लग्न सहा आठवड्यांवर असते, हे खरे. परंतु वाकडा दात घासून घासून सरळ भासविण्यात निरोगी दाताचा पुष्कळ भाग खर्ची पडतो. मुला-मुलींच्या बारावीच्या वर्षी आई-बापांनी क्लासची जेवढी चौकशी केली, तिच्या दहाव्या हिश्शाने दातांची केली असती तर हा प्रसंगच आला नसता. दोन दातांतील फट किंवा तुटलेला कोपरा कॉम्पोझिटने एका बैठकीत भरून निघतो, बहुधा फारसे न घासता. त्याचा रंग काही वर्षांत मंदावतो, कडा तुटते, पाच-सात वर्षांत दुरुस्ती येते. पण ती दुरुस्ती सोपी असते आणि खर्चही कमी.

आता हिशेब मांडून पाहू. सिरॅमिकचे चांगले बसविलेले व्हिनिअर दहा ते पंधरा वर्षे, क्वचित अधिकही टिकते. बावीस वर्षांच्या मुलीने आज ते करून घेतले आणि तिचे आयुष्य सत्तरीपर्यंतचे जरी धरले, तरी उरतात 48 वर्षे. म्हणजे पहिल्यानंतर आणखी तीन वेळा तरी ते बदलावे लागेल. प्रत्येक बदलाच्या वेळी जुने कवच घासून काढताना दाताचा आणखी थोडा अंश जाण्याचा संभव असतो. वाणिज्य शाखेत घसारा शिकविताना एक तत्त्व सांगतात, की यंत्र घेताना केवळ खरेदीची किंमत पाहू नये, ते बदलण्यासाठी दरवर्षी किती बाजूला टाकावे लागेल तेही पाहावे. लग्नाच्या अंदाजपत्रकात दातांचा खर्च मंडप, केटरिंग यांच्या शेजारी लिहिला जातो. मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो. हा खर्च नव्या घरी मुलीबरोबर जातो, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी तो कोणी द्यावयाचा हे कोणत्याही याद्यांत लिहिलेले नसते.

आणखी एका फसगतीविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. व्हिनिअर आणि कॅप या दोन भिन्न वस्तू होत. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासून खुंटासारखा करावा लागतो. एडेलहॉफ आणि सोरेनसन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापात असे आढळले, की समोरच्या दातांवर व्हिनिअरच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी दाताच्या हिरडीबाहेरील भागाच्या वजनापैकी 3 ते 30 टक्के भाग जातो, तर संपूर्ण सिरॅमिक कॅपसाठी 63 ते 72 टक्के. अलीकडच्या काळात इंग्लंडमधील पुष्कळ तरुण स्वस्तात व्हिनिअर म्हणून तुर्कस्तानात गेले आणि दात खुंटासारखे घासून कॅप घालून परतले. त्यांतील काहींच्या दातांच्या नसा खराब झाल्याने पुढे रूट कॅनल करावे लागले. तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध जाहीर इशारे दिले. आपल्याकडेही बोलीभाषेत दोहोंना सर्रास "कॅप बसविली" असेच म्हणतात. तेव्हा खुर्चीवर बसण्यापूर्वी स्पष्ट विचारावे : व्हिनिअर की कॅप? किती दात? प्रत्येक दात किती घासला जाणार? न घासता काही होण्यासारखे आहे काय? कवच निघाले किंवा तडकले तर कोण, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चाने दुरुस्त करणार? ही उत्तरे लिहून घ्यावीत. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडील नोंदणी पाहण्यात संकोच बाळगू नये. दुकानात येणारा व्यापारीही जीएसटी क्रमांक पाहतोच. दुसरे मत घेण्यास नाशिककरांना दूर जावे लागत नाही. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, आणि दंत महाविद्यालयांतून निरनिराळ्या शाखांचे अध्यापक एका छताखाली भेटतात. ज्याने खर्चाचा आकडा सांगितला त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी दात पाहिला, एवढ्याने पुष्कळदा सहा दातांचे दोन होतात.

अठरा वर्षांखालील मुलांनी तर थांबावेच. त्या वयात दातातील नसेचा कप्पा मोठा असतो आणि हिरड्यांची ठेवणही पुरती स्थिर झालेली नसते. रात्री झोपेत दात चावण्याची सवय असणाऱ्यांनी, हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांनी, आणि ज्यांचे दंतवल्क आधीच फार झिजलेले आहे त्यांनी प्रथम त्या दोषांवर उपाय करावा.

सगाई ठरविताना "मुलीचे दात तेवढे नीट करून द्या" अशी सूचना हल्ली हसत हसत केली जाते. सूचना करणाऱ्यांना ती किरकोळ वाटते. दागिन्यांच्या बोलणीपेक्षा स्वस्तच म्हणा ना. मुलीचे वडील मान डोलावतात, कारण नाही कसे म्हणावयाचे? परंतु निरोगी दात कापून घेण्याची अट दुसऱ्याच्या लेकीला घालण्याचा अधिकार कोणत्या रिवाजाने मिळतो, याचे उत्तर त्या मंडळींकडे नसते. मुलाचे दात पाहून अशी सूचना केल्याचे अद्याप ऐकिवात नाही. तिला स्वतःला हवे असेल, पाहून-समजून हवे असेल, तर गोष्ट निराळी. मग तिला कोणी अडवूही नये आणि टोमणेही मारू नयेत.

ज्यांनी कवच करून घेतले आहे त्यांनी ते सांभाळावे कसे, हे थोडक्यात. समोरच्या दातांनी सुपारी, चिक्की, ऊस तोडू नये, बाटलीचे झाकण उघडू नये. कापडाच्या धंद्यातील मंडळींना आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनींना एक विशेष विनंती : दोरा दाताने तोडण्याची सवय सोडावी. या सवयीने नैसर्गिक दातालाही खाच पडते, कवचाची कड तर लवकरच तडकते. कवच किडत नाही, पण त्याच्या कडेपाशी दात किडू शकतो. म्हणून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर दात व हिरडीची कड नीट स्वच्छ करून मगच पच्चक्खाण घ्यावे. सहा महिन्यांनी एकदा दंतवैद्यास दाखवावे.

आणि ज्यांचा विचार अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक सोय आहे, जी मागितल्याशिवाय कित्येकदा सांगितली जात नाही. दात मुळीच न घासता, नियोजित आकाराचा तात्पुरता नमुना दातांवर बसवून मिळतो. तो बसवून घरी जावे. आरशाऐवजी खिडकीपाशी उभे राहून घरच्यांशी दहा मिनिटे बोलावे, नेहमीचे हसावे, "स" आणि "फ" नीट उच्चारले जातात की नाही ते पाहावे, मोबाइलवर दोन छायाचित्रे काढावीत. आजी ओळखते का, तेही पाहावे. नमुना आवडला नाही तर तो काढून टाकता येतो आणि खालचा दात होता तसाच असतो. त्यानंतर चार दिवस जाऊ द्यावेत, आणि मग दंतवैद्याला होय किंवा नाही कळवावे.